दीर्घ अंतराळवास आणि शरीर : जुळवून घेणे कुठे संपते आणि इजा कुठे सुरू होते?

उत्तरा (धागालेखिका)

मार्च २०२५ मध्ये नासाचे अंतराळवीर सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील २८६ दिवसांच्या मुक्कामानंतर फ्लोरिडाजवळच्या समुद्रात उतरले, तेव्हा त्यांना स्ट्रेचरवरून नेतानाची दृश्ये आपल्याकडच्या वाहिन्यांनी पुन्हापुन्हा दाखवली आणि प्रकृती ढासळल्याचा निष्कर्षही परस्पर काढून टाकला. वास्तविक दीर्घ मुक्कामाहून परतणाऱ्यांना असे उचलून नेण्याचा शिरस्ताच आहे. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये विल्यम्स यांच्या एका छायाचित्रावरून त्या खंगल्याची आवई उठली होती. आपले वजन येथे आलो तेव्हा होते तेवढेच आहे, शरीरातील द्रव वर सरकल्यामुळे आणि व्यायामामुळे शरीराची ठेवण तेवढी बदलली आहे, असा खुलासा त्यांना स्थानकावरूनच करावा लागला.

मी अनेक वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले असल्यामुळे या गदारोळात एक गोष्ट मला सतत खटकत राहिली. अंतराळात शरीर ‘बिघडते’ असे आपण सरसकट म्हणतो. हाडे, स्नायू आणि रक्ताभिसरण यांच्यापुरते बोलायचे तर तेथे बिघाड असा होतच नाही. शरीर नव्या परिस्थितीचा हिशेब करते आणि अनावश्यक वाटणारा खर्च कमी करते. तो हिशेब तेथे अचूक असतो; पृथ्वीवर परतण्याचा बेत मात्र शरीराला ठाऊक नसतो.

प्रथम भारहीनतेविषयी. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असते आणि तेथे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के शिल्लक असते. स्थानक व त्यातील माणसे ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पुढे जात असतानाच एकत्र खाली पडत असतात, म्हणून पायाखालची जमीन कोणालाच दाबत नाही. हाडांना आणि रक्तवाहिन्यांना ‘वजन’ कळते ते या दाबातून. तो दाबच नाहीसा होतो.

जमिनीवर उभे असताना रक्त व ऊतींमधील पाणी पायांकडे ओढले जाते आणि हृदयाला ते वर चढवावे लागते. कक्षेत पोहोचताच ही ओढ संपते व सुमारे दोन लिटर द्रव छाती आणि डोक्याच्या दिशेने सरकतो. चेहरा सुजतो, नाक चोंदते, पाय बारीक दिसू लागतात. छातीतील वाढलेला साठा पाहून शरीराला पाणी जास्त झाल्यासारखे वाटते. तहान मंदावते आणि काही दिवसांत रक्तद्रवाचे (प्लाझ्माचे) प्रमाण दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरते. तेथे एवढे रक्त पुरेसे असते. परतल्यावर उभे राहताच मात्र तेच रक्त पायांत उतरते, मेंदूला कमी पडते आणि माणूस भोवळ येऊन पडू शकतो. म्हणूनच उतरण्यापूर्वी अंतराळवीर मीठ आणि भरपूर पाणी घेतात व पाय आणि पोट घट्ट आवळणारा पोशाख घालतात.

हाडांचा हिशेब अधिक महागात पडतो. हाड आयुष्यभर मोडत आणि बांधले जात असते. भार नाहीसा झाला की मोडण्याचा वेग वाढतो आणि बांधणी मागे पडते. पुरेसा व्यायाम नसेल तर खुब्याच्या भागातील घनता दरमहा एक ते दीड टक्क्याने घटते, म्हणजे उतारवयातील माणूस वर्षभरात जेवढे गमावतो तेवढे महिन्याभरात. हातांना किंवा कवटीला असा फटका बसत नाही. पृथ्वीवर जी हाडे भार वाहतात तीच झिजतात. मोकळे झालेले कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडते आणि मुतखड्याचा धोका वाढवते.

हे सारे किती गंभीर होऊ शकते ते जून १९७० मध्ये सोव्हिएत संघाला कळले. आंद्रियान निकोलायेव आणि विताली सेवास्त्यानोव्ह हे सोयूझ-९ मधून जेमतेम १८ दिवसांनी परतले, पण यानाबाहेर स्वतःच्या पायांवर चालत येणे त्यांना जमले नाही, आणि त्यांना सावरायला बरेच दिवस लागले. यान लहान होते आणि व्यायामाची सोय तुटपुंजी होती. पुढच्या सोव्हिएत स्थानकांवर धावपट्टा, ताण देणारे पट्टे आणि दिवसाकाठी ठरलेला व्यायाम सक्तीचा झाला, त्यामागे हाच अनुभव होता. त्यानंतर २५ वर्षांनी वालेरी पोल्याकोव्ह मीर या रशियन अंतराळ स्थानकावर सलग ४३७ दिवस राहून परतले आणि यानापासून जवळच ठेवलेल्या खुर्चीपर्यंत स्वतः चालत गेले. ते स्वतः डॉक्टर होते आणि मंगळापर्यंतच्या प्रवासानंतर माणूस उभा राहू शकतो हे त्यांना दाखवून द्यायचे होते. १८ दिवसांत लुळे पडणे आणि ४३७ दिवसांनी चालणे यांतील बराचसा फरक घाम गाळण्याचा आहे, असे माझे मत आहे.

डोळे आणि प्रारणे (रेडिएशन) यांविषयी मी मुद्दाम लिहिलेले नाही. त्या विषयांतील जाणकार येथे आहेत, त्यांनी लिहावे ही विनंती.

ह्यूस्टनकर

उत्तराताई, मांडणी आवडली. व्यायामाच्या मुद्द्यात थोडी भर घालतो, कारण नुसते ‘व्यायाम करतात’ एवढ्याने चित्र पूर्ण होत नाही.

आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या पहिल्या काही वर्षांत तेथील मंडळी नियमित व्यायाम करत असूनही त्यांची हाडे झिजतच होती. तेव्हाचे उपकरण जास्तीत जास्त १३६ किलोंच्या आसपास ताण देत असे. ऐकायला हे पुष्कळ वाटते. परंतु जमिनीवर बैठक मारताना आपण खांद्यावरच्या वजनासोबत स्वतःचे शरीरही उचलत असतो आणि तेथे ते वजाच होते. २००८ च्या अखेरीस बसवलेले नवे यंत्र २७२ किलोंपर्यंत ताण देते. त्यात लोखंडी वजने नाहीत, कारण तेथे ती निरुपयोगी ठरली असती; निर्वात नळकांड्यांतील दट्ट्या ओढावा लागतो. हे यंत्र, पुरेसे उष्मांक आणि ड जीवनसत्त्व ही तिन्ही एकत्र आल्यावर सहा महिन्यांच्या मुक्कामातील अस्थिघनता बऱ्याच अंशी टिकू लागली. नासा आणि जपानची अंतराळ संस्था यांनी त्याला आठवड्यातून एकदा घ्यायच्या ॲलेंड्रोनेटच्या गोळीचीही जोड देऊन पाहिली. आपल्याकडे ठिसूळ हाडांच्या आजीबाईंना मिळते तीच ही गोळी. तिचा परिणामही चांगला दिसला.

रोजची अडीच तासांची वेळ व्यायामासाठी राखलेली असते, त्यात यंत्र मांडणे आणि आवरणे आले. धावताना माणूस तरंगू नये म्हणून त्याला लवचिक पट्ट्यांनी खाली ओढून धरतात आणि पावलांच्या हादऱ्यांनी स्थानकावरचे नाजूक प्रयोग बिघडू नयेत म्हणून धावपट्टा स्प्रिंगवर तोललेला असतो. परतल्यावर पुन्हा ४५ दिवस, रोज दोन तासांचा पुनर्वसनाचा कार्यक्रम असतो.

तरीही एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. घनता परत आली म्हणजे हाडाची आतील जाळीदार रचना परत आली असे होत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७ अंतराळवीरांच्या अभ्यासात परतल्यावर वर्ष उलटूनही अनेकांचे नडगीचे हाड पूर्ववत झालेले नव्हते आणि सहा महिन्यांहून अधिक राहिलेल्यांची भरपाई अधिक अपुरी होती. त्यामुळे ‘जुळवून घेणे’ हा शब्द हाडांच्या बाबतीतही जपूनच वापरावा.

पारिजात

अंतराळात उंची वाढते असे वाचले होते. हे खरे आहे काय, आणि खरे असल्यास ती टिकते काय?

ह्यूस्टनकर

खरे आहे, पण टिकत नाही. मणक्यांमधील चकत्यांवरचा दाब गेल्यामुळे त्या फुगतात आणि उंची साधारण तीन टक्क्यांपर्यंत वाढू शकते. जानेवारी २०१८ मध्ये जपानचे नोरिशिगे कानाई यांनी आपण नऊ सेंटिमीटर वाढल्याचे ट्विट केले होते. सोयूझ या रशियन यानातील आसन प्रत्येकाच्या अंगाच्या मापाने साच्यातून घडवलेले असल्यामुळे परतताना आपण त्यात मावू की नाही, अशी काळजीही त्यांनी व्यक्त केली. पुन्हा मोजल्यावर ही वाढ दोन सेंटिमीटर निघाली. पृथ्वीवर उंची लवकरच मूळपदावर येते. मात्र या काळात पाठदुखी होते आणि परतल्यानंतरच्या महिन्यांत चकती सरकण्याचे प्रमाण सामान्यांहून अधिक आढळते.

नेत्रवैद्य

उत्तराताईंनी डोळ्यांचा विषय वगळला हे योग्यच झाले, कारण त्यांचे ‘अचूक हिशेबा’चे सूत्र तेथे लागू पडत नाही.

दीर्घ मुक्कामात जवळचे वाचायला त्रास होतो, अशी तक्रार अंतराळवीर पूर्वीपासून करत असत आणि ती चाळिशीच्या चष्म्याच्या खात्यावर टाकली जात असे. स्थानकावर कमी-अधिक क्रमांकाचे जादा चष्मेही ठेवलेले असत. २०११ मध्ये सहा महिने राहून आलेल्या सात अंतराळवीरांच्या डोळ्यांची तपशीलवार तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा प्रकरण चाळिशीचे नसल्याचे स्पष्ट झाले. दृष्टिचेता (डोळा आणि मेंदू यांना जोडणारी नस) डोळ्यात शिरते तेथे काहींना सूज होती, काहींचा नेत्रगोल मागच्या बाजूने चपटा झाला होता, दृष्टिपटलामागील थराला चुण्या पडल्या होत्या. नेत्रगोल मागून चपटा झाला की दृष्टिपटल भिंगाच्या जवळ येते आणि जवळचे अंधुक दिसते, म्हणजे तक्रारीचे कारण अगदी यांत्रिक होते. त्याच निबंधात सुमारे ३०० अंतराळवीरांच्या प्रश्नावलीचा आधार होता. लहान मोहिमांवरील सुमारे २९ टक्के आणि दीर्घ मोहिमांवरील सुमारे ६० टक्के व्यक्तींनी दृष्टी उतरल्याचे सांगितले होते. काहींमध्ये नेत्रगोलाचा चपटेपणा परतल्यावर अनेक वर्षे टिकला.

कारणाविषयीचा पहिला तर्क सरळ होता. द्रव डोक्याकडे सरकतो, कवटीतील दाब वाढतो आणि तो दृष्टिचेतेभोवतीच्या आवरणातून डोळ्यावर येतो. परंतु मोजमाप झाले तेव्हा तर्क डळमळला. कर्करोगावरील औषधे देण्यासाठी ज्यांच्या डोक्यात त्वचेखाली एक छोटी टाकी बसवलेली होती आणि जे उपचारांनंतर बरे झाले होते, अशा आठ स्वयंसेवकांना विमानातून काही सेकंदांची भारहीनता अनुभवण्यास नेले गेले आणि त्या टाकीतून कवटीतील दाब थेट मोजला गेला. २०१७ मध्ये हे निष्कर्ष आले. भारहीन अवस्थेतील दाब आडवे पडलेल्या स्थितीपेक्षा कमीच होता, मात्र उभे असतानाच्या पातळीएवढा तो खाली येत नव्हता. याचा अर्थ असा घेतला जातो की एखाद्या क्षणी दाब फार वाढल्यामुळे ही इजा होत नसावी. पृथ्वीवर आपण दिवसाचे सोळा तास बसून-उभे राहून कवटीला जी विश्रांती देतो ती तेथे महिनोन्महिने मिळतच नाही, आणि त्या सौम्य पण अखंड दाबाचा हा परिणाम असावा.

जर्मनीत कोलोन येथे अकरा स्वयंसेवकांना डोके पायांपेक्षा सहा अंशांनी खाली ठेवून महिनाभर झोपवण्याचा प्रयोग झाला. उशी नव्हती, जेवणही त्याच स्थितीत, आणि स्थानकासारखी वाटावी म्हणून हवेत कार्बन डायऑक्साइडही वाढवलेला होता. त्या अकरांपैकी पाच जणांच्या दृष्टिचेतेच्या मुखाशी सूज आली. यामुळे जमिनीवर अभ्यासाची सोय झाली, परंतु इलाज अद्याप हाती आलेला नाही. शरीराच्या खालच्या भागाभोवती कमी दाब निर्माण करून द्रव पायांकडे ओढणारा रशियन पोशाख, मांड्यांना बांधायचे पट्टे असे उपाय तपासले जात आहेत. हाडांसाठी घाम गाळता येतो. डोळ्यांसाठी नेमके काय गाळावे ते सध्या कोणाला सांगता येत नाही.

माधवी

नेत्रवैद्य यांच्या प्रतिसादाला जोडून रक्ताविषयी लिहिते, कारण येथेही द्रव वर सरकण्याचाच परिणाम आहे.

उभ्या स्थितीत डोक्यातील रक्त मानेतील शिरांमधून गुरुत्वाच्या मदतीने खाली येते. ती मदत नसते तेव्हा काय होते हे पाहण्यासाठी स्थानकावरील ११ जणांच्या मानेची सोनोग्राफी करण्यात आली. मोहिमेच्या सुमारे पन्नासाव्या दिवशी त्यांपैकी सहा जणांच्या डाव्या बाजूच्या शिरेत रक्त साचलेले किंवा उलट दिशेने वाहणारे आढळले आणि एकाच्या शिरेत चक्क गुठळी सापडली. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या व्यक्तीला काहीही त्रास होत नव्हता. संशोधनासाठी तपासणी झाली नसती तर गुठळी कळलीही नसती.

त्यानंतरची हकिकत २०२० च्या जानेवारीत एका वैद्यकीय नियतकालिकात आली आणि ती माझ्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून वाचायला देते. रक्त पातळ ठेवणाऱ्या एनॉक्सापॅरिनच्या इंजेक्शनांचा स्थानकावरचा साठा मोजकाच होता. पृथ्वीवरील तज्ज्ञांनी तो पुरवठायान येईपर्यंत पुरेल अशी मात्रा आखून दिली, रुग्णाने स्वतःच इंजेक्शने घेतली आणि स्वतःच्या मानेची सोनोग्राफी पृथ्वीवरून मिळणाऱ्या सूचनांनुसार केली. पुरवठायानातून ॲपिक्साबानच्या गोळ्या आल्यावर त्यांवर बदल झाला. उतरताना इजा झाल्यास रक्तस्राव होऊ नये म्हणून परतीच्या चार दिवस आधी तीही बंद करण्यात आली. उतरल्यावर चोवीस तासांच्या आत शिरेतून रक्त वाहू लागले होते आणि दहा दिवसांत गुठळी नाहीशी झाली होती. रुग्णाची ओळख त्या लेखात गोपनीय ठेवलेली आहे, तेव्हा येथे कोणी तर्क लढवू नयेत.

तांबड्या पेशींविषयीही थोडेसे. पृथ्वीवर आपण सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी मोडतो व तेवढ्याच घडवतो. १४ अंतराळवीरांच्या अभ्यासात हा आकडा तीस लाखांपर्यंत गेलेला दिसला, म्हणजे ५४ टक्क्यांनी अधिक, आणि तो संपूर्ण सहा महिने तसाच राहिला. रक्तद्रव घटल्यामुळे शरीर सुरुवातीला जादा पेशी काढून टाकते एवढेच पूर्वी मानले जात होते. ते खरे असते तर काही दिवसांत सारे स्थिर व्हायला हवे होते.

शंकासुर

सर्व प्रतिसाद वाचून माहितीत मोलाची भर पडली, तरी दोन शंका उरतात. पहिली, अंतराळात वर्षभर राहिलेल्या माणसाचा डीएनए सात टक्के बदलला असे वृत्तपत्रांत छापून आले होते, त्याचे पुढे काय झाले? दुसरी, राकेश शर्मा यांनी अंतराळात योगासने केली होती असे आपण शाळेत ऐकले. त्यातून काही निष्पन्न झाले होते काय?

उत्तरा

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. डीएनए सात टक्के बदलला असता तर परतलेला प्राणी मनुष्य राहिला नसता. स्कॉट केली २०१५-१६ मध्ये सलग ३४० दिवस स्थानकावर होते आणि त्यांचे एकसारखे जुळे भाऊ मार्क, जे स्वतःही अंतराळवीर होते, त्या काळात पृथ्वीवर होते. या जोडीचा अभ्यास दहा गटांनी मिळून केला. त्यात मोजली गेली ती जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे कोणती जनुके किती प्रमाणात काम करत आहेत ते. अंतराळात त्यात पुष्कळ उलथापालथ झाली, परतल्यावर सहा महिन्यांत ९० टक्क्यांहून अधिक बदल मूळपदावर आले आणि उरलेल्या सुमारे सात टक्क्यांची बातमी झाली. गुणसूत्रांची टोके मुक्कामात लांब झाली आणि परतताच झपाट्याने आखडली, हे अधिक चक्रावून टाकणारे होते. पूर्ण निबंध एप्रिल २०१९ मध्ये आला. मला त्यातील महत्त्वाची वाटणारी बाब अशी की बौद्धिक चाचण्यांतील वेग आणि अचूकता मुक्कामात टिकून होती, पण परतल्यानंतर ती उतरली आणि बरेच महिने तशीच राहिली. हा एका माणसाचा अभ्यास आहे, ही मर्यादा लेखकांनीच नोंदवली आहे.

राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये सॅल्यूट-७ या सोव्हिएत स्थानकावर सुमारे आठ दिवस होते. भारहीनतेतील त्रासाला योगाभ्यासाचा उपयोग होतो काय, हे पाहण्याचा तो प्रयोग होता. हाडे आणि स्नायूंविषयी निष्कर्ष काढायला आठ दिवस पुरत नाहीत. शिवाय आसनांमध्ये भार असतो तो आपल्याच शरीराच्या वजनाचा, आणि नेमका तोच तेथे नसतो. गंमत अशी की शर्मा तेथे पोहोचले तेव्हा स्थानकावर ओलेग आत्कोव्ह नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते आणि ते २३७ दिवस राहिले. त्या स्थानकावरचे वैद्यकीय काम बघायचे तर आत्कोव्ह यांच्या नोंदी अधिक उपयोगाच्या आहेत.

पहिल्या दोन-तीन दिवसांतील मळमळ हा विषय मात्र लहान मोहिमांसाठी खरोखर महत्त्वाचा आहे. ऑगस्ट १९६१ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर गेर्मान तितोव्ह यांना ती प्रथम जाणवली आणि आजही दहापैकी सहा ते आठ जणांना ती होते. डोळे एक सांगतात, कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणा दुसरेच सांगते आणि मेंदूला मेळ घालायला दोन-तीन दिवस लागतात. गगनयानाची मोहीम कक्षेत सुमारे तीन दिवसांचीच योजलेली आहे, म्हणजे आपल्या अंतराळवीरांचा जवळजवळ सारा मुक्काम याच काळात येणार. त्यामुळे बंगळुरूच्या हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेतील तयारीत या भागाला प्राधान्य असावे असे मला वाटते. शुभांशु शुक्ला २०२५ च्या जुलैमध्ये स्थानकावरून परतल्यावर सवयीने लॅपटॉप हवेतच सोडून बसले आणि तो खाली पडला, असे त्यांनी स्वतः सांगितले. तीन आठवड्यांहून कमी काळात मेंदू इतका रुळतो.

अरविंद_ठाणे

मी प्रारण-सुरक्षेच्या क्षेत्रातून निवृत्त झालो आहे. व्यायामाने हाडे टिकतात हे वाचून मंगळप्रवास आता हाताशी आला असे कोणाला वाटू नये, म्हणून लिहितो.

पृथ्वीवर नैसर्गिक प्रारणांचा जागतिक सरासरी डोस वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (शरीरावरील प्रारणांचा परिणाम मोजण्याचे एकक) असतो. स्थानकावर सहा महिन्यांत तो साधारण ८० ते १६० मिलिसिव्हर्ट होतो, आणि स्थानक तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आश्रयाला आहे. क्युरिऑसिटी हे वाहन २०११-१२ मध्ये मंगळाकडे जात असताना त्यावरील उपकरणाने वाटेतील प्रारणे मोजली. त्यावरून नुसत्या जाण्यायेण्याचा डोस सुमारे ६६० मिलिसिव्हर्ट निघाला. मंगळावरचा मुक्काम त्यात धरलेला नाही. नासाने २०२२ मध्ये अंतराळवीराच्या संपूर्ण कारकिर्दीसाठी घातलेली मर्यादा ६०० मिलिसिव्हर्ट आहे. पूर्वी वय आणि लिंग पाहून मर्यादा वेगवेगळी असे व त्यामुळे स्त्रियांना कमी उड्डाणे मिळत. आता पस्तीस वर्षांच्या स्त्रीच्या धोक्यावर आधारलेली एकच मर्यादा सर्वांना लागू आहे.

आपण रुग्णालयात भेटतो त्या क्ष-किरणांहून हा प्रकार वेगळा आहे. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून येणारी लोहासारखी जड अणुकेंद्रके प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने शरीरातून आरपार जातात. अपोलो या चंद्रमोहिमांच्या अंतराळवीरांना डोळे मिटलेले असताना प्रकाशाचे ठिपके दिसत, ते या कणांमुळे. ॲल्युमिनियमचा पत्रा जाड केला म्हणजे सुरक्षितता वाढते असेही नाही, कारण जड कण धातूवर आदळून दुय्यम कणांचा वर्षाव होतो. पाणी किंवा पॉलिथिन यांसारखे हायड्रोजनयुक्त पदार्थ बरे, पण हवी तेवढी जाडी यानातून उचलून नेणे परवडत नाही.

सूर्यावरील उद्रेकांचा धोका निराळा आहे आणि तो तुलनेने आटोक्यात आणता येतो. ऑगस्ट १९७२ मध्ये फार मोठे सौरवादळ झाले. अपोलो-१६ एप्रिलमध्ये परतले होते आणि अपोलो-१७ डिसेंबरमध्ये निघायचे होते, म्हणून त्या वेळी चंद्राच्या वाटेवर कोणी नव्हते. अशा वादळाचा भर काही तास ते काही दिवस असतो. तेवढा वेळ सामानाच्या पिशव्यांच्या आडोशाला बसून काढता येतो. जड कणांचा मारा मात्र चोवीस तास, सर्व दिशांनी चालू असतो.

म्हणूनच मला वाटते की या चर्चेत हाडांना आणि स्नायूंना वाजवीपेक्षा जास्त जागा मिळते. ते दिसते, मोजता येते, आणि अंतराळवीर व्यायाम करतानाची चित्रफीत दाखवता येते. कर्करोगाचा वाढलेला धोका वीस वर्षांनी कोणत्या आकड्यात उमटेल ते अंतराळवीरांच्या इवल्याशा संख्येतून सिद्ध करणेही अवघड आहे.

शंकासुर

अरविंदराव, मनावरचा परिणाम तुमच्या हिशेबात कोठे बसतो?

अरविंद_ठाणे

तो माझा विषय नाही, तरी मॉस्कोत २०१०-११ मध्ये सहा जणांना ५२० दिवस बंद दालनांत ठेवून मंगळमोहिमेची जी रंगीत तालीम झाली, तिच्यात काहींची झोप आणि हालचाल महिन्यागणिक बिघडत गेली, हे नोंदलेले आहे. स्थानकावरून घरी हवे तेव्हा बोलता येते. मंगळावरून एकेरी निरोपालाच वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणजे माधवीताईंनी सांगितलेली सोनोग्राफीही पृथ्वीवरून सूचना देत करवून घेणे तेथे शक्य होणार नाही.

पारिजात

मग मूळ शंका अशी उरते, की फ्लोरिडाच्या समुद्रात किंवा सोयूझ उतरते त्या कझाकस्तानच्या माळावर उचलायला माणसे हजर असतात. मंगळावर उतरल्यावर यानातून बाहेर कोण काढणार?

उत्तरा

प्रश्न अगदी नेमका आहे आणि तो जमिनीवर तपासून पाहिला गेला आहे. कझाकस्तानात उतरलेल्या अंतराळवीरांकडून पहिल्या काही तासांतच, तंबूत, साध्या हालचाली करवून घेण्यात आल्या : खुर्चीतून उठणे, पालथे पडलेल्या स्थितीतून उभे राहणे, लहान अडथळे ओलांडून चालणे. स्नायूंची ताकद बहुतेकांकडे होती. अडचण झाली ती तोल जाण्याची आणि मळमळीची. डोके वळवले की जग गरगरते आणि हे पहिल्या दिवशी सर्वांत तीव्र असते. म्हणून मंगळावर उतरल्यानंतरचे पहिले काही दिवस यानातच बसून काढावे लागतील, असे नियोजन करणे शहाणपणाचे ठरेल. आणीबाणीत लगेच बाहेर पडावे लागेल अशी रचना तेथे चालणार नाही.

मंगळाचे गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के आहे, त्यामुळे भोवळीचा त्रास पृथ्वीपेक्षा कमी व्हावा.

नेत्रवैद्य

उत्तराताई, ‘व्हावा’ असे आपण म्हणता ते तर्काने बरोबर आहे, परंतु ३८ टक्के गुरुत्व हाडांना, डोळ्यांना आणि मानेतील शिरांना पुरेसे आहे किंवा नाही याची मानवी नोंदच उपलब्ध नाही. अंशतः गुरुत्वात राहिलेली माणसे आजवर म्हणजे चंद्रावर उतरलेले अपोलोचे १२ जण. त्यांपैकी सर्वांत लांब मुक्काम अपोलो-१७ च्या दोघांचा होता आणि तोही सुमारे ७५ तासांचा. त्यापुढची माहिती उंदरांची आहे. स्थानकावरील जपानच्या किबो प्रयोगशाळेत उंदरांना फिरत्या यंत्रात ठेवून चंद्राएवढे, म्हणजे एक-षष्ठांश गुरुत्व दिले गेले. त्यांचे स्नायू रोडावले नाहीत, पण स्नायूतंतूंचा प्रकार मात्र बदलत राहिला.